करार, झपाटणे आणि पाहुणचार : ‘स्टे ट्यून्ड’ या चित्रपटातील दूरचित्रवाणीचा उपहास

१

उपहासकाराला दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. ज्याचा उपहास करावयाचा त्याच्याशी त्याचा निकट परिचय असावा लागतो, आणि त्या परिचयातून उपजणाऱ्या जिव्हाळ्याने आपली लेखणी बोथट होणार नाही, याची दक्षताही त्याला घ्यावी लागते. परिचय आहे पण दक्षता नाही, तर उपहासाचे कौतुक होते. दक्षता आहे पण परिचय नाही, तर उपहासाचा उपदेश होतो. दूरचित्रवाणीच्या नादावर बेतलेल्या चित्रपटात हा तोल राखणे विशेष बिकट असते. चित्रपट आणि दूरचित्रवाणी ही एकाच घरची भावंडे होत. एकाने दुसऱ्याला हसावयास आरंभ केला, की हसणाऱ्याचेच तोंड आरशात दिसू लागते.

१९९२ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘स्टे ट्यून्ड’ या अद्भुत-विनोदी चित्रपटाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. दिग्दर्शन पीटर हायम्स यांचे, छायालेखनही त्यांचेच. हा चित्रपट थोर कलाकृतींत गणला जात नाही, आणि तिकीटखिडकीवरही त्याला यश लाभले नाही. असे असता पदव्युत्तर अभ्यासात त्याची दखल का घ्यावी, हा प्रश्न रास्त आहे. त्याला माझ्या मते दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की थोर कलाकृतीत कल्पना आणि तिचा आविष्कार इतके एकजीव झालेले असतात, की त्यांचे सांधे दिसत नाहीत. मध्यम प्रतीच्या कृतीत ते स्पष्ट दिसतात. उपहासाची यंत्रणा कोठे चालते आणि कोठे अडते, हे तेथे बोट ठेवून दाखविता येते. दुसरे उत्तर कालगणनेशी संबंधित आहे. हा चित्रपट आला त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, आपल्याकडे ‘झी टीव्ही’ ही खाजगी हिंदी वाहिनी सुरू झाली. मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ चा; त्यास त्या दिवशी बरोबर वीस वर्षे झाली होती. ज्या वैपुल्याला अमेरिकेतील विनोदकार विटला होता, त्या वैपुल्याचा आपल्याकडे तेव्हा गृहप्रवेश होत होता.

चित्रपटातील सैतान आपल्या गिऱ्हाइकास ६६६ वाहिन्या देऊ करतो. हा आकडा बायबलातील शेवटच्या ग्रंथात श्वापदाचा म्हणून सांगितला आहे, आणि १९९२ च्या प्रेक्षकाला त्यातील अतिशयोक्तीही हास्यास्पद वाटावी, अशी योजना होती. आज भारतात परवानगी मिळालेल्या खाजगी उपग्रह वाहिन्यांची संख्या नऊशेच्या आसपास आहे. वास्तवाने सैतानाचा आकडा ओलांडला, आणि कोणाला त्याचे विशेष वाटले नाही. उपहासातील अतिशयोक्ती वास्तवाच्या मागे पडल्यावर त्या उपहासात काय शिल्लक उरते, या दृष्टीने आपण चित्रपटाकडे पाहू.

२

कथानक थोडक्यात असे आहे. सिॲटल शहरी राहणारा रॉय नेबल हा नळजोडणीच्या सामानाचा विक्रेता. एके काळी तो नावाजलेला पट्टेबाज होता. आता नोकरीत त्याचे बस्तान नीट बसलेले नाही, आणि घरी येताच तो दूरचित्रवाणी संचापुढे ठाण मांडतो. त्याची पत्नी हेलन ही जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या व्यवसायात वरिष्ठ पदावर आहे. नवऱ्याच्या या बैठकीला कंटाळून ती एके दिवशी त्याच्याच पट्टेबाजीच्या बक्षिसाने संचाचा पडदा फोडते. त्यानंतर स्पाइक नावाचा एक गोडबोल्या गृहस्थ दारात उभा राहतो आणि नवा संच, अंगणात बसवावयाची भली थोरली तबकडी व ६६६ वाहिन्या देऊ करतो. रॉय करारावर सही करतो. तो करार वस्तुतः नरकाशी झालेला असतो. नवरा-बायको त्या तबकडीत ओढले जातात, आणि नरकाच्या कार्यक्रमांतून त्यांचा जीवघेणा प्रवास सुरू होतो. चोवीस तास तग धरला तर सुटका. मध्येच मृत्यू आला तर आत्मा सैतानाचा.

प्रश्नमंजूषेचा खेळ, कुस्तीचा आखाडा, कृष्णधवल गुन्हेपट, फ्रेंच राज्यक्रांती, पश्चिमेकडील घोडेस्वारांचे चित्रपट अशा नाना सोंगांतून दोघे जातात. घरी त्यांचा मुलगा डॅरिल संचाच्या पडद्यावर आपल्या आईवडिलांना जीव मुठीत धरून पळताना ओळखतो, आणि तो व त्याची थोरली बहीण डायॅन बाहेरून त्यांना साह्य करतात. चिडलेला स्पाइक कराराच्या कलमाप्रमाणे रॉयला मुक्त करतो. हेलनला मात्र तो सोडत नाही. कारण करारात तिचे नावच नाही. रॉय हाती रिमोट घेऊन पुन्हा आत शिरतो, तलवारबाजीच्या एका चित्रपटात स्पाइकशी झुंजतो, त्याचा रिमोट हस्तगत करून आगगाडीखाली येऊ घातलेल्या हेलनला वाचवितो आणि संच बंद करतो. शेवटी रॉय नोकरी सोडून पट्टेबाजीचे वर्ग काढतो व शिष्यांना दूरचित्रवाणीच्या अतिरेकाविषयी सावध करतो. नरकात स्पाइकच्या जागी एक तरुण अधिकारी रुजू होतो. खाते पूर्ववत चालू राहते.

३

या रचनेचा कणा म्हणजे करार. सैतानाशी लेखी करार करून आत्मा गहाण टाकण्याची कल्पना युरोपीय परंपरेत जुनी आहे. फाउस्टच्या कथेने ती मार्लो आणि गटे यांच्यापर्यंत आणून पोचविली. फाउस्ट ज्ञान मागतो, सामर्थ्य मागतो, जगण्याची परिसीमा मागतो. रॉयला हवा असतो मोठा पडदा. मागणीचा हा अधःपात हाच चित्रपटातील पहिला आणि सर्वांत अर्थपूर्ण विनोद आहे. आत्म्याची किंमत उतरली आहे, हे दाखविण्यासाठी चित्रपटाला एकही वाक्य खर्च करावे लागत नाही. सैतानही शिंगे टाकून विक्रेत्याच्या वेषात येतो, आणि नरक म्हणजे वरिष्ठ, कनिष्ठ, बढती व बदल्या यांनी गजबजलेली एक कचेरी असते. रॉय स्वतः विक्रेता आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. विकणाऱ्याला दुसरा विकणारा भेटतो, आणि विक्रीची सर्व युक्ती ठाऊक असूनही पहिला फसतो. या प्रसंगात उपहासाला नेमके मर्म सापडले आहे.

परंतु करार ही कल्पना आपल्याबरोबर एक विशिष्ट नीतिशास्त्र घेऊन येते. करार व्यक्ती करते; सही तिची असते, दोष तिचा आणि परिमार्जनही तिचेच. दूरचित्रवाणीचा नाद हा अशा रीतीने एका माणसाचे पाप ठरतो. तो माणूस सुधारला की प्रश्न मिटला. चित्रपटाचा शेवट नेमका असाच आहे. रॉय सुधारतो, वाहिन्या चालूच राहतात. कचेरीत नवा अधिकारी येतो, ही कलाटणी थोडी कडवट आहे. परंतु ती शेवटची चिमटी म्हणून येते, आणि तिचा अर्थ कथेत झिरपत नाही.

मराठी मनाला ही करारपद्धती किती परकी आहे, हे आपले अद्भुत-विनोदी चित्रपट पाहिले म्हणजे कळते. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मध्ये एका साध्या मास्तराला जुन्या काळच्या शिपायाचे भूत भेटते आणि त्याचा मैतर होते. ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये गुंडाचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो. या दुसऱ्या चित्रपटाची प्रेरणा अमेरिकन चित्रपटातून आलेली. तरी त्याच्या नावानेच त्याला मराठी अंगण मिळवून दिले. आपल्याकडे अद्भुत हे सहीने येत नाही. ते अंगात येते, मानगुटीस बसते, पछाडते. पछाडलेला मनुष्य दोषी असतोच असे नाही; तो पीडित असतो, आणि त्याची पीडा घरदाराची, किंबहुना गावाचीही असते. एकनाथांच्या भारुडांत भूत आणि विंचू यांची जी रूपके येतात, त्यांतही उतारा शोधावयाचा असतो, दंड वसूल करावयाचा नसतो.

आपल्या परंपरेत कराराच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे नवस. देवाला अट घालून काही मागावयाचे आणि इच्छा पुरी झाल्यावर फेडावयाचे, यात देवघेवीचा व्यवहार खरोखरच आहे. पण नवस एकाने बोलावा आणि दुसऱ्याने फेडावा, आईने बोलावा आणि मुलाने अनवाणी चालावे, हे सर्रास घडते. नवसाला सहीची गरज नसते, आणि त्यातून सुटण्यासाठी ‘माझे नाव त्यात नव्हते’ असे म्हणण्याची सोयही नसते. मोहाचा अर्थ व्यक्तीपुरता मर्यादित ठेवावयाचा की घरापर्यंत न्यावयाचा, हा या दोन कल्पनांतील भेद आहे. पुढील विवेचनात त्याचा उपयोग होईल.

४

आता विडंबनाच्या अंगाकडे वळू. चित्रपटाचा मधला सारा भाग म्हणजे निरनिराळ्या कार्यक्रमांच्या विडंबनांची मालिका आहे, आणि गुणदोषांचा निवाडाही तेथेच व्हावयास हवा.

अशा विडंबनांचे आयुष्य मूळ कार्यक्रमाच्या आयुष्याशी बांधलेले असते, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. आचार्य अत्रे यांची ‘झेंडूची फुले’ (१९२५) आजचा विद्यार्थी वाचतो तेव्हा त्यातील कित्येक मूळ कविता त्याने वाचलेल्या नसतात. तरी त्याला हसू येते. कारण अत्र्यांचा रोख एखाद्या कवितेपेक्षा कविपणाच्या एका आविर्भावावर आहे, आणि आविर्भाव अमर असतात. ‘स्टे ट्यून्ड’मधील पुष्कळशी विडंबने या कसोटीस उतरत नाहीत. १९९२ च्या सुमारास अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या कार्यक्रमांच्या नावांत एखादे अक्षर फिरवून त्यांना नरकाचा रंग दिला आहे. नाव ओळखीचे असेल तर क्षणभर गंमत वाटते; नसेल तर टीपा जोडाव्या लागतात, आणि टीप जोडली की विनोद मावळतो. नागपूरच्या विद्यार्थ्याने या जागी हसू आले नाही म्हणून खंत बाळगण्याचे कारण नाही.

तीन स्थळे मात्र याला अपवाद आहेत. पहिले, चक जोन्स यांच्या देखरेखीखाली झालेला हलत्या चित्रांचा भाग. येथे रॉय व हेलन उंदीर होतात आणि यांत्रिक मांजर त्यांचा पाठलाग करते. ज्या हाताने अमेरिकन हलत्या चित्रांच्या या परंपरेला आकार दिला, त्यानेच येथे तिचे विडंबन केले आहे. त्यामुळे परिचय आणि दक्षता यांचा मघाशी सांगितलेला तोल येथे पुरता साधला आहे. हलत्या चित्रांतील प्राणी चेंगरले तरी मरत नाहीत, हा संकेत आपण बालपणापासून स्वीकारलेला असतो. येथे उंदराच्या कातड्यात मरू शकणारी माणसे आहेत, हे जाणवताच त्या संकेतातील क्रौर्य प्रथमच उघडे पडते.

दुसरे स्थळ कृष्णधवल गुन्हेपटाचे. येथे विडंबन कोणा एका चित्रपटाचे नसून सावल्यांच्या, पावसाच्या आणि उदास स्वगताच्या एका शैलीचे आहे. शैली आजही ओळखीची असल्याने हा भाग शिळा झालेला नाही.

तिसरे स्थळ काही क्षणांचेच आहे. रॉयची भूमिका करणारे जॉन रिटर हे ‘थ्रीज कंपनी’ (१९७७ ते १९८४) या दूरचित्रवाणी-मालिकेमुळे घराघरांत पोचलेले नट. वाहिन्यांच्या गोंधळात एकदा रॉय त्याच मालिकेसारख्या दिवाणखान्यात जाऊन पडतो, समोर दोन तरुणी उभ्या दिसतात, आणि तो भयाने किंकाळी फोडतो. येथे पात्र किंचाळते की नट, हे सांगता येत नाही. हेलनची भूमिका करणाऱ्या पॅम डॉबर यादेखील ‘मॉर्क अँड मिंडी’ (१९७८ ते १९८२) या मालिकेतून नावारूपास आलेल्या. दूरचित्रवाणीने ज्यांना घडविले, त्यांनाच तिच्या तोंडी दिले आहे. संपूर्ण चित्रपटात येथे उपहास सर्वांत खोल उतरतो, कारण तो क्षणभर स्वतःकडे वळतो. दिग्दर्शकाने हा धागा पुढे नेला असता तर चित्रपटाची पायरी निश्चित वाढली असती.

तुलनेसाठी बस्टर कीटन यांचा ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) हा मूकपट घ्यावा. त्यात चित्रपटगृहातील यंत्रचालक झोपी जातो आणि स्वप्नात पडद्यामध्ये शिरतो. त्याच्याभोवतीचे दृश्य क्षणाक्षणाला बदलते: बाग, रस्ता, कडा, सिंहांची वस्ती, वाळवंट, समुद्र, बर्फ. तो जागच्या जागी असतो, आणि दृश्य बदलले की पडतो, आपटतो, ठेचकाळतो. चित्रपटातील एका तुकड्यास दुसरा जोडण्याची जी क्रिया, तिचा मार येथे माणसाच्या देहाला बसतो. माध्यमाचे स्वरूप एका विनोदात उघड झाले. ‘स्टे ट्यून्ड’मध्ये वाहिनी बदलली की वेष बदलतो, नेपथ्य बदलते, माणसाची पाहण्याची, अवधान धरण्याची शक्ती तुकड्यातुकड्यांनी कशी विरते, हे मात्र दिसत नाही. दूरचित्रवाणीच्या नादाचे खरे लक्षण तेच असताना, चित्रपटाने त्याऐवजी राक्षस आणि तलवारी निवडल्या.

५

येथे मुख्य आक्षेपाकडे येतो. रॉय नरकातून वाचतो तो कशाच्या बळावर? पट्टेबाजीचे त्याचे कौशल्य शेवटी कामास येते, हे खरे. परंतु वाटेत जागोजाग त्याला तारते ती त्याची प्रेक्षक म्हणून वर्षानुवर्षांची तपश्चर्या. कोणत्या प्रकारच्या कथेत पुढे काय घडते, कोणते पात्र घात करते, हे त्याला ठाऊक असते. ज्या बैठकीबद्दल त्याला शिक्षा झाली, त्याच बैठकीचे फळ त्याला जीवदान देते. मुलगा डॅरिलही पडद्याकडे पाहतो म्हणूनच आईवडिलांचे संकट ओळखतो. अर्थात पाहणे हे पाप आहे असे चित्रपट तोंडाने म्हणतो, आणि पाहणे हे ज्ञान आहे, करुणाही आहे, असे कृतीने दाखवितो.

ही विसंगती काही परीक्षकांना चित्रपटाचा दोष वाटेल. माझ्या मते विसंगती हा त्याचा सर्वांत सत्य भाग आहे. दोष आहे तो तिच्याकडे पाठ फिरविण्याचा. शेवटी रॉयच्या तोंडी उपदेश घालून लेखकांनी गाठ सोडविली नाही, कापून टाकली. डॅरिलच्या पाहण्याचे काय, हे विचारावयास हवे होते. एकाचे पाहणे त्याला घरापासून तोडते आणि दुसऱ्याचे त्याला आईवडिलांशी जोडते. तर पाहण्यापाहण्यांत भेद कशाने पडतो? हा प्रश्न चित्रपटाच्या मध्यभागी उभा होता, आणि तो न विचारताच पडदा पडतो.

रॉय संचापुढे का बसतो, याचे उत्तरही आरंभीच्या काही मिनिटांत दिलेले आहे. हातची विद्या सुटली आहे, नोकरीत मन नाही, पत्नीच्या यशापुढे त्याला उणेपणा वाटतो. हे कारण मानवी आहे. पण सैतान दारात येताच ते बाजूस पडते. पुढे सारा दोष सैतानाचा आणि सहीचा. या बाबतीत विदर्भातील विद्यार्थ्याला एक उत्तम प्रतिउदाहरण जवळच उपलब्ध आहे. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात रंजूला चित्रपटांचे वेड आहे. ते वेड तिला शिकवणीच्या मास्तराबरोबर मुंबईस पळवून नेते आणि घरचे दागिने त्यात जातात. एलकुंचवार त्या मुलीला हसत नाहीत व सैतानालाही बोलावीत नाहीत. वाड्यातील कोंडलेली हवा, रिकाम्या प्रतिष्ठेचे ओझे आणि मुलीसमोर नसलेली वाट, हे सारे आपण पाहिलेले असते. पडद्यावरची मुंबई तिला का खुणावते, हे निराळे सांगावे लागत नाही. मोहाचे मूळ मोहवस्तूत न शोधता मोहित होणाऱ्याच्या परिस्थितीत शोधणे, ही शोकनाट्याची रीत झाली. उपहासालाही ती वर्ज्य असण्याचे कारण नाही.

६

आता हेलनचा विचार करू. कारण चित्रपटातील सर्वांत मोठी गोष्ट तिच्याविषयी घडते आणि चित्रपटाला तिची पुरती जाणीव नाही. करारावर सही रॉयची. नरकात दोघेही ओढले जातात. सुटकेचे कलम लागू होते तेव्हा ते रॉयला लागू होते. हेलनने काही मागितले नव्हते, तिने तर संच फोडला होता. आणि तरीही, करारात नाव नसल्यामुळेच, तिला सुटकेचा हक्क नाही. जिने संमती दिली नाही तिला मुक्तीही नाही. लेखकांनी ही कायद्याची पळवाट कथानक पुढे ढकलण्यासाठी योजिली असावी. पण तिच्यात एका घरगुती सत्याचे बीज आहे: घरात यंत्र एकजण आणतो आणि त्याचे परिणाम सर्वांच्या वाट्याला येतात. हेलनला रुळांवर बांधून, नवऱ्याने तिला वाचवावे अशी योजना करताच हे बीज कुजते. ज्या जुनाट चित्रपटांचे विडंबन चालले होते, त्यांचाच साचा येथे गंभीरपणे वापरला जातो.

आपल्याकडे या गोष्टीचे वळण पूर्ण निराळे आहे. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ झाले, तेव्हा ठिकठिकाणी संचाला हार घातले गेले, उदबत्त्या लावल्या गेल्या, शेजारीपाजारी एका खोलीत दाटीने बसले. पेटीत सैतान असतो ही कल्पना ज्या समाजाने करावी, त्याच्या उलट टोकाला ही घटना आहे. पेटीत देव आला होता. या प्रसंगावर हसणे सोपे आहे. पण त्या गर्दीत ज्याच्या घरी संच नव्हता तोही बसलेला होता, हे विसरून हसणे न्याय्य होणार नाही.

पुढे खाजगी मराठी वाहिन्या आल्या. १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’ सुरू झाली. तीच पुढे ‘झी मराठी’ झाली. ‘ई टीव्ही मराठी’वरील ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भाग चालली. नरकाच्या अधिकाऱ्यांनी चोवीस तासांची मुदत ठेविली होती. येथे चार दिवसांच्या नावाने अकरा वर्षांहून अधिक काळ लोटला. आणि २००४ साली ‘झी मराठी’वर ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम सुरू झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मी या कार्यक्रमाला विशेष महत्त्व देतो.

‘स्टे ट्यून्ड’मध्ये माणसे दूरचित्रवाणीत ओढली जातात. ‘होम मिनिस्टर’मध्ये दूरचित्रवाणी माणसाच्या घरी आली. आदेश बांदेकर दारात येत, ते विक्रेता म्हणून नव्हे. ते ‘भावोजी’ होते, आणि घरची गृहिणी ‘वहिनी’. नात्याच्या एका शब्दाने उंबरा ओलांडला गेला. घरात गप्पा होत, लग्नाच्या आठवणी निघत, खेळ होत, आणि जिंकणारीला पैठणी मिळे. कार्यक्रमाच्या नावातच गृहिणीला मंत्रिपद दिलेले आहे. हेलनचे नाव करारात नव्हते; वहिनींचे नाव येथे शीर्षस्थानी आहे.

नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वरसारख्या वस्तीतून हा फरक स्पष्ट दिसतो. शेतीचे गाव आणि वाढते शहर यांच्या सांध्यावर, जुन्या गावठाणाभोवती एकामागून एक लेआउट पडत गेलेल्या अशा वस्त्यांत, निरनिराळ्या गावांहून आलेली कुटुंबे शेजारी म्हणून नव्याने राहू लागतात. वाडा मागे राहिलेला असतो, आळी अजून तयार झालेली नसते. अशा घरातील स्त्रीला संध्याकाळची मालिका ही करमणूक तर असतेच. पण दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडच्या बाईशी बोलावयास एक सामाईक विषयही तीच पुरविते. गच्चीवरील तबकडीला लोकांनी ‘छत्री’ हे नाव दिले, ते तिच्या आकारावरून. तरी त्या नावाकडे लक्ष द्यावे. अमेरिकन चित्रपटात ती तबकडी माणसे गिळणारे तोंड आहे. आपल्या बोलीत ती डोक्यावर धरावयाची वस्तू झाली.

यावरून आपल्याकडील दूरचित्रवाणी निष्पाप आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पाहुणा म्हणून आलेल्याला जाब विचारणे अवघड असते, हेच येथील खरे संकट आहे. सैतानाशी भांडता येते, कराराचे कलम काढता येते. भावोजींना चहा दिल्यावर त्यांच्या पाठोपाठ कोणकोणत्या जाहिराती घरात आल्या, हे मोजण्याचा संकोच वाटतो. गृहमंत्रिपद मिळाले, पण घरातील कोणता निर्णय तेवढ्याने तिच्या हाती आला, हा प्रश्न पैठणीच्या घडीत राहून जातो. आदरातिथ्य आणि बाजार यांची अशी गाठ पडल्यावर तिचा उपहास करावयाचा तर त्याला फाउस्टची कथा पुरी पडणार नाही.

७

मग अशा उपहासाची रीत कोणती असावी? तिचा एक नमुना विदर्भातच आहे. नागपुरास जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले, तेव्हा सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाला त्यांनी समाजाच्या वेडेपणाबाहेर उभे केले नाही. ज्या चालीरीतींवर प्रहार करावयाचा, त्यांत ही मंडळी हौसेने, भाबड्या निष्ठेने भाग घेतात, आणि त्यांच्या निष्ठेतूनच त्या चालीरीतींचे हसे होते. बोलणारा स्वतः वेडात सामील असल्यामुळे वाचकाला उपदेशाचा वास येत नाही, आणि वाचकालाही आपण बाहेर उभे आहोत असा दावा करता येत नाही. रॉय आपल्या शिष्याला शेवटी उपदेश करतो. सुदामा दुसऱ्या दिवशी पुन्हा मालिका पाहावयास बसला असता आणि न पाहण्याच्या फायद्यांवर मध्यंतरात व्याख्यान दिले असते. दोहोंपैकी कोणता शेवट अधिक बोचरा, हे सांगणे नलगे.

‘स्टे ट्यून्ड’चे मोल ठरविताना म्हणून असे म्हणावे लागते. सैतानाला विक्रेता करणे आणि आत्म्याची किंमत एका पडद्याइतकी उतरविणे ही कल्पना तीक्ष्ण आहे. हलत्या चित्रांचा भाग आणि नटाची ती किंकाळी या जागी चित्रपट उपहासाच्या खऱ्या प्रदेशात पोचतो. परंतु करार या साधनाने त्याला मोहाकडे एका माणसाचा दोष म्हणून पाहावयास लावले. त्यामुळे पाहण्याचे ज्ञान आणि पाहण्याची गुंगी यांतील भेद, तसेच सही न करता अडकलेल्या हेलनचा प्रश्न, हे दोन्ही त्याच्या हातून निसटले.

आपल्या अभ्यासकांनी यातून एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. दूरचित्रवाणीच्या नादावरील आपले विनोद बहुधा मालिका पाहणाऱ्या गृहिणीवर बेतलेले असतात, आणि सामन्यांपुढे अगर बातम्यांतील आरडाओरडीपुढे तासन्‌तास बसणारा पुरुष त्यांतून सहीसलामत सुटतो. अमेरिकन चित्रपटाने निदान खुर्चीत पुरुषाला बसविले, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. मालिकांचे साहित्यशास्त्र लिहावयाचे असेल, तर त्या पाहणारीला त्या पाहण्यातून काय मिळाले, हा प्रश्न आधी तिलाच आदराने विचारावा लागेल. तो विचारल्याशिवाय केलेला उपहास कितीही चतुर असला, तरी तो करारात नाव नसलेल्या माणसाला दंड करण्यासारखाच होय.